वीरकथेतील आवडता भाग

जी कथा एका बैठकीत संपत नाही, तिच्याभोवती एक प्रश्न हटकून उभा राहतो: हिच्यातील सर्वांत चांगला भाग कोणता? गावच्या देवळात कीर्तनकार बुवा उतरले की जाणती मंडळी त्यांना ठरावीक आख्यान लावण्याची गळ घालीत, आणि ते का लावावे यावर आपसांत वादही घालीत. तोच वाद आज चित्रपटगृहाच्या पायऱ्यांवर ऐकू येतो. १९३८ साली अमेरिकेतील चित्रकथांच्या पानांतून 'सुपरमॅन' नावाचा अचाट सामर्थ्याचा वीर पुढे आला. १९७८ साली त्याच्यावर भव्य चित्रपट निघाला. पुढे असे अनेक वीर पडद्यावर आले आणि एकेकाचे दुसरे, तिसरे, चौथे भाग निघत गेले. २००८ साली 'आयर्न मॅन'पासून सुरू झालेल्या एकाच माळेत आता तीसहून अधिक चित्रपट ओवले गेले आहेत. भारतातही 'कोई... मिल गया'पासून 'क्रिश ३'पर्यंत, म्हणजे २००३ ते २०१३ या दहा वर्षांत, अशी एक माळ तयार झाली. यांतला आवडता कोणता, यावर तरुण मंडळी ज्या हिरिरीने बोलतात ती पाहिली की वडीलधाऱ्यांना हसू येते.

तथापि हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. एका चित्रपटाची आवड सांगणे सोपे आहे. मालिकेतील एका भागाची आवड सांगणे कठीण आहे. येथे नायक तोच, त्याचे सामर्थ्य तेच, पुष्कळदा त्याचा वेषही तोच असतो. मग एका भागात असे काय असते की तो मनात घर करतो, आणि दुसऱ्यात असे काय नसते की तो विसरला जातो? याचे उत्तर शोधायचे तर एखादी पूर्ण झालेली आणि काळाच्या कसोटीस उतरलेली मालिका समोर हवी. अशी मालिका मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, दक्षिणेस अड्यार येथे निर्माण झाली. ती चित्रपटांची नाही, नृत्यनाट्यांची आहे. तिचा नायक श्रीराम आहे. रामाला आजच्या चित्रपटातील अचाट वीरांच्या पंक्तीस बसविणे अनेकांस रुचणार नाही, आणि ते योग्यही आहे. येथे तुलना आहे ती केवळ कथेच्या बांधणीपुरती: एक असामान्य नायक, अनेक भाग, आणि प्रत्येक भागाचा स्वतंत्र प्रयोग.

अड्यार हे नाव नदीचेही आहे आणि तिच्या काठच्या वस्तीचेही. ही नदी जेथे समुद्राला मिळते तेथे, दक्षिण तीरावर, थिऑसॉफिकल सोसायटीने १८८२ साली आपले मुख्य ठाणे केले. तेथील उद्यानात एक पुरातन वटवृक्ष आहे. १९८९ च्या वादळात त्याचे मूळ खोड कोसळले, परंतु पारंब्यांच्या आधाराने वृक्ष उभा आहे. याच उद्यानात, सोसायटीच्या हीरकमहोत्सवाच्या वेळी, १९३५ च्या डिसेंबरात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी पहिल्याने जाहीर नृत्य केले. देवदासींची कला म्हणून ज्या नृत्याकडे प्रतिष्ठित समाज पाठ फिरवीत होता, ते एका ब्राह्मण घरातील स्त्रीने रंगमंचावर करावे, ही त्या काळी मोठी खळबळजनक गोष्ट होती. दुसऱ्याच वर्षी, १९३६ मध्ये, त्यांनी अड्यारला कलासंस्था काढली. तीच पुढे 'कलाक्षेत्र' या नावाने सर्वत्र ओळखली जाऊ लागली. १९६२ साली संस्था जवळच्या तिरुवान्मियूर येथील स्वतःच्या विस्तीर्ण जागेत गेली. परंतु तिचे बीज अड्यारचे.

मराठी श्रोत्यांना या ठिकाणी एक जुना ऋणानुबंध आठवल्यावाचून राहणार नाही. ज्या नृत्याला आज भरतनाट्यम् म्हणतात, त्याच्या प्रयोगाची मांडणी तंजावरच्या मराठी दरबारात आकारास आली. दुसऱ्या सरफोजी राजांच्या आश्रयास चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार बंधू होते. नृत्याच्या कार्यक्रमास आजचा क्रम आणि घाट मिळाला तो मुख्यतः त्यांच्याकडून. रुक्मिणीदेवींचे गुरू पंदनल्लूर मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै हे त्याच परंपरेचे वारसदार. तेव्हा अड्यारची नृत्यनाट्ये मराठी माणसाला दूरची वाटली, तरी अगदी परकी नाहीत.

कलाक्षेत्राचे पहिले नृत्यनाट्य 'कुट्राल कुरवंजी' १९४४ साली झाले. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९५५ मध्ये, रुक्मिणीदेवींनी रामायणास हात घातला. वाल्मीकींचे संपूर्ण काव्य एका संध्याकाळी सांगणे अशक्य, म्हणून त्याचे सहा भाग कल्पिले आणि प्रत्येक भाग एका संध्याकाळचा केला. पहिला भाग 'सीता स्वयंवरम्' १९५५ साली, दुसरा 'श्रीराम वनगमनम्' १९६० साली रंगमंचावर आला. मग 'पादुका पट्टाभिषेकम्' झाले. १९६५ साली 'शबरी मोक्षम्', १९६८ साली 'चूडामणि प्रदानम्' आणि १९७० साली 'महापट्टाभिषेकम्' होऊन मालिका पुरी झाली. एका कथेसाठी पंधरा वर्षे! रामाच्या वनवासापेक्षा एक वर्ष अधिकच.

शब्द वाल्मीकींचे, म्हणजे संस्कृत. संगीत कर्नाटक पद्धतीचे. ते रचण्यासाठी म्हैसूर दरबारचे थोर वाग्गेयकार वासुदेवाचार्य अड्यारला येऊन राहिले. त्यांचा जन्म १८६५ चा, म्हणजे पहिला भाग रंगमंचावर आला तेव्हा त्यांनी नव्वदी गाठली होती. त्या वयात त्यांनी श्लोकामागून श्लोक रागांत बसविले. १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा चार भागांचे संगीत तयार होते. उरलेल्या दोन भागांचे काम त्यांचे नातू एस्. राजाराम यांनी पुरे केले. आजोबांनी आरंभिलेली कथा नातवाने शेवटास नेली. नृत्याच्या अंगाने पाहिले तर भरतनाट्यम् हा या मालिकेचा पाया आहे. परंतु राक्षसांची आणि युद्धाची दृश्ये उभी करताना कथकळीचे बळही घेतलेले आहे. त्यासाठी चंदू पणिक्कर यांच्यासारखे केरळचे जाणते गुरू संस्थेत होते.

ज्या १९५५ साली अड्यारला सीतेचे स्वयंवर रचले जात होते, त्याच वर्षी १ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून 'गीतरामायणा'चे पहिले गीत प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत. वर्षाचे बावन्न आठवडे धरून बावन्न गीते योजिली होती. पण त्या वर्षी अधिक मास आल्याने ती छप्पन्न झाली. एकीकडे दर आठवड्यास एक गीत, दुसरीकडे काही वर्षांनी एक नाट्य. दोन्ही ठिकाणी श्रोत्याला व प्रेक्षकाला कथेचा शेवट पहिल्या दिवसापासून ठाऊक होता, आणि तरीही तो पुढच्या भागाची वाट पाहत होता. मालिकेची खरी ताकद येथे दिसते. पुढे काय होणार हे कुतूहल एकदाच शमते. आता हे कसे सांगणार, हे कुतूहल मात्र दर वेळी नवे असते.

रामकथेचे भाग पाडून त्यांतून निवड करण्याची सवय महाराष्ट्रास जुनी आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी मराठी रंगभूमीचा आरंभ केला तो 'सीतास्वयंवर' या आख्यानाने. पुढे त्यांनी अनेक आख्याने रचली, पण सामान्य माणसास आज नाव आठवते ते पहिल्याचेच. दादासाहेब फाळके यांनी १९१७ साली 'लंकादहन' काढला. त्यात साळुंके या नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. त्या चित्रपटाच्या उत्पन्नाची नाणी मद्रासेत बैलगाडीवर लादून न्यावी लागली, अशी आख्यायिका आहे. आणि चित्रपटांची खरी मालिका म्हणावी अशी मुंबईच्या प्रकाश पिक्चर्सने काढली: १९४२ साली 'भरतमिलाप', मराठीत 'भरतभेट', १९४३ साली 'रामराज्य', १९४८ साली 'रामबाण'. तिन्हींचे दिग्दर्शक विजय भट्ट, तिन्हींत राम प्रेम अदीब आणि सीता शोभना समर्थ. आजच्या वीरपटांच्या माळेचे सगळे लक्षण येथे आहे: तोच नायक, तोच चेहरा, निरनिराळे प्रसंग. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, सगळे रामायण समोर असता या मंडळींनी आरंभास रावणवध निवडला नाही. त्यांनी भरताची भेट निवडली. शाहू मोडक भरत झाले आणि दुर्गा खोटे कैकेयी.

आता अड्यारच्या सहा भागांकडे वळावे आणि प्रत्येकाचा हक्क काय आहे तो पाहावा. 'सीता स्वयंवरम्' ही प्रसन्न सकाळ आहे. विश्वामित्रांसोबत निघालेला किशोर राम, जनकाची सभा, उचलताच मोडलेले शिवधनुष्य. ज्याला कथेची ओळख नाही त्याने येथूनच आरंभ करावा. लहान मुलांचे मत बहुधा याच भागाला पडेल. 'वनगमनम्' ही त्याच्या उलट, भर दुपारी सूर्याला ग्रहण लागावे तशी. तोरणे बांधली जात असतानाच मंथरेची वाणी कैकेयीच्या कानांत विष ओतते. अभिनयाची कसोटी पाहायची असेल तर हा भाग श्रेष्ठ, कारण कैकेयीचे मन पालटताना पावलांना फारसे काम नसते; सारे काम डोळ्यांना आणि हातांना असते. 'शबरी मोक्षम्' हा राम एकाकी झाल्यानंतरच्या भेटीचा भाग आहे. सीता हरपली आहे, आणि अशा वेळी आयुष्यभर वाट पाहत बसलेल्या वृद्ध शबरीच्या दारी राम येतो. ज्याला कोणी सांत्वन द्यावे तोच येथे दुसऱ्याला कृतार्थ करतो. 'चूडामणि प्रदानम्' मध्ये अशोकवनातील सीता आणि मुद्रिका घेऊन आलेला हनुमंत यांचे राज्य आहे; नायक समुद्राच्या पलीकडे आहे, आणि तो नसतानाच त्याचे असणे सर्वांत अधिक जाणवते. 'महापट्टाभिषेकम्' मध्ये युद्ध, विजय आणि राज्याभिषेक. पाच भागांत साठलेले सारे येथे फेडले जाते.

'पादुका पट्टाभिषेकम्' या तिसऱ्या भागाकडे पाहण्यापूर्वी, आवड ठरविण्याच्या ज्या रूढ कसोट्या आहेत त्या तपासून घेणे बरे.

पहिली कसोटी पराक्रमाची. जेथे नायक सर्वांत बलाढ्य दिसतो तो भाग उत्तम, असे पुष्कळांना प्रथमदर्शनी वाटते. मालिका चालविणाऱ्यांचाही असाच समज होतो. म्हणून प्रत्येक पुढच्या भागात शत्रू अधिक मोठा, स्फोट अधिक दणदणीत आणि संकट अधिक विश्वव्यापी होत जाते. परंतु पराक्रमाची वाढ हे कर्ज काढून सण साजरा करण्यासारखे आहे. आज नगर वाचविले तर उद्या पृथ्वी वाचवावी लागते, परवा ब्रह्मांड. त्यापुढे वाचवायला काही उरत नाही. प्रेक्षकांच्या स्मरणात कोणते भाग राहिले ते पाहिले तर वेगळेच दिसते. २००४ सालच्या दुसऱ्या 'स्पायडरमॅन' चित्रपटाचा उल्लेख त्याचे चाहते विशेष जिव्हाळ्याने करतात. त्यात नायकाची शक्ती मधूनमधून त्याला सोडून जाते आणि त्याला साधा तरुण म्हणून जगावे लागते. २००८ सालच्या 'द डार्क नाइट' चित्रपटाचा शेवट नायकाच्या जयघोषाने होत नाही. नगराचा धीर टिकावा म्हणून तो दुसऱ्याचा अपराध स्वतःच्या माथी घेऊन निघून जातो. दोन्ही आपापल्या मालिकांचे मधले भाग आहेत. दोन्हींत प्रश्न असा पडतो की, ज्याचे बाहुबळ सर्वांहून मोठे आहे, त्याला बाहुबळाने न सुटणारी अडचण आली तर तो काय करतो?

दुसरी कसोटी स्वतंत्रतेची. मागचापुढचा संदर्भ नसतानाही जो भाग समजतो आणि रंगतो, तो चांगला. ही कसोटी उपयोगी आहे, कारण प्रयोगास येणारा प्रत्येक प्रेक्षक मागील भाग पाहून आलेला नसतो. पण केवळ हिच्यावर विसंबले तर मालिकेचे मालिकापण कशात, हा प्रश्न उरतो. सुटा भाग चांगला असणे आणि मालिकेतील भाग चांगला असणे, यांत भेद आहे. मालिकेतील भाग मागच्या भागांचे ओझे उचलतो आणि पुढच्यांना अर्थ देतो.

म्हणून तिसरी कसोटी अशी की, हा एक भाग काढून घेतला तर उरलेल्यांचे काय होईल? ज्याच्या अभावी पुढचे सारे नुसत्या घटना होऊन बसतील, तो मालिकेचा कणा होय.

या कसोट्या हाती घेऊन अड्यारच्या सहा नावांकडे पुन्हा पाहावे. स्वयंवर, वनगमन, पादुकांचा अभिषेक, शबरीचा मोक्ष, चूडामणीचे दान, महाभिषेक. या सहांत 'वध' हा शब्द नाही आणि 'युद्ध' हाही नाही. रामकथेत वधांची वाण नव्हती. केरळात सतराव्या शतकात कोट्टारक्कराच्या तंपुरानाने रामायण आठ भागांत रचले. ते 'रामनाट्टम्', आणि त्यातूनच पुढे कथकळी विकसित झाली. त्या आठ भागांच्या नावांत खरवध आहे, बालिवध आहे, तोरणयुद्ध आहे, आणि शेवटच्या भागाचे तर नावच 'युद्ध'. कथकळी हे मुख्यतः वीर आणि रौद्र रसांचे नाट्य. त्याला ते साजते. अड्यारला मात्र प्रत्येक भागाचे नाव एखाद्या नात्यावरून किंवा दानावरून पडले. तीन भागांत तर नावाचा मान रामाकडेही नाही. तो पादुकांकडे, शबरीकडे आणि सीतेच्या चूडामणीकडे जातो. नायक मोठा कशाने ठरतो, याविषयीचे मत या नावांतच आले आहे.

याच नावांत आणखी एक सूत्र आहे. रामनाट्टमात वनगमनाच्या भागाला 'विच्छिन्नाभिषेक' म्हटले आहे, म्हणजे भंगलेला अभिषेक. ते नाव मनात धरले तर अड्यारच्या मालिकेत तीन अभिषेक दिसू लागतात: दुसऱ्या भागात मोडलेला, तिसऱ्यात पादुकांचा, सहाव्यात रामाचा. पहिल्या अभिषेकाच्या वेळी राज्य देणारा पिता वचनात बांधला गेला. तिसऱ्या अभिषेकाच्या वेळी रावण पडला होता. मधल्या अभिषेकाच्या वेळी मात्र अडचण वेगळीच होती: दोन भाऊ समोरासमोर उभे होते आणि राज्य दोघांनाही नको होते.

वाल्मीकींनी हा प्रसंग केवढ्या विस्ताराने रंगविला आहे! भरत सेना, माता आणि मंत्री घेऊन चित्रकूटावर येतो. लक्ष्मण दुरून धूळ पाहतो आणि युद्धाची भाषा बोलू लागतो. राम त्याला शांत करतो. भरत विनवितो, जाबालीसारखा मंत्री नास्तिकाचा युक्तिवाद करून पाहतो, वसिष्ठ कुळाची रीत सांगतात. रामापाशी बाण आहेत, पण ते येथे कोणावर सोडायचे? समोर उभा आहे तो शत्रू नाही, आणि त्याचे म्हणणे अन्यायाचेही नाही. दोन न्याय्य गोष्टींतून एक निवडायची आहे. शेवटी भरत सुवर्णभूषित पादुका पुढे ठेवतो, राम त्यांवर पाय ठेवून त्या परत देतो, आणि चौदा वर्षे अयोध्येचा कारभार त्या पादुकांच्या नावाने नंदिग्रामातून चालतो. कोणी कोणाला जिंकीत नाही, तरी तिढा सुटतो.

पराक्रमाच्या कसोटीवर हा भाग मागे पडेल. स्वतंत्रतेच्या कसोटीवर तो मध्यम ठरेल, कारण कैकेयीचे वर ठाऊक नसतील तर भरताचा संताप समजणार नाही. पण तिसऱ्या कसोटीवर त्याला तोड नाही. वाल्मीकींच्या युद्धकांडाच्या अखेरीस विजयी राम थेट अयोध्येत शिरत नाही. तो हनुमंताला आधी नंदिग्रामी धाडतो आणि आपल्या आगमनाची वार्ता ऐकून भरताची मुद्रा कशी होते ते पाहून येण्यास सांगतो. चौदा वर्षे राज्य हाताळलेल्या माणसाला ते आता गोड वाटू लागले असेल, तर त्याचे मन दुखवायचे नाही, एवढा हा विवेक आहे. आणि भेट होते तेव्हा भरत त्याच पादुका स्वतःच्या हातांनी रामाच्या पायांत घालतो. तिसरा भाग ज्याने पाहिला नाही, त्याला शेवटच्या राज्याभिषेकात फक्त वैभव दिसेल. ज्याने पाहिला, त्याला त्या वैभवाच्या पायाशी ठेवलेल्या दोन पादुका दिसतील.

मराठी श्रोत्यांनी आपला कौल या बाजूस पूर्वीच दिलेला आहे. 'गीतरामायणा'तील छप्पन्न गीतांपैकी जी प्रथम ओठांवर येतात, त्यांत चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो ते गीत असतेच. युद्धाची गीतेही त्या संग्रहात आहेत आणि ती ओजस्वी आहेत. परंतु घरातील दुःखाच्या प्रसंगी माणसे आठवतात ते भरताला सांगितलेले चार शब्द. नायकाचे धनुष्य खांद्यावरच राहिले असता तो जे बोलला, ते ज्यांच्यापाशी धनुष्य कधीच नव्हते अशा माणसांच्या कामी आले.

यावर आक्षेप घेता येतील. कोणी म्हणेल, 'चूडामणि प्रदानम्' ला डावलणे अन्याय आहे. विरहाची इतकी कोमल आणि हनुमंताची इतकी तेजस्वी भूमिका दुसऱ्या भागात नाही. कोणी म्हणेल, वयानुसार आवड बदलते. दहाव्या वर्षी धनुर्भंग, पंचविशीत अशोकवन आणि साठीनंतर शबरी. दोन्ही आक्षेप खरे आहेत. किंबहुना चांगल्या मालिकेचे लक्षणच हे की, तिच्यात प्रत्येक वयाला एक भाग राखून ठेवलेला असतो. येथे पादुकांच्या भागाला दिलेला मान अखेरचा निवाडा मानण्याचे कारण नाही. परंतु निवड कारणे देऊन केली की दुसऱ्यालाही आपली कारणे शोधावी लागतात, आणि त्या शोधात मालिका पुन्हा नीट पाहिली जाते.

पुन्हा पाहिली जाणे, हीच येथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. चित्रपटांच्या मालिकेत आवडनिवड बहुतांशी निरुपद्रवी असते. नावडता भागही कोठेतरी जतन केलेला असतो. वीस वर्षांनी एखाद्याने तो काढून पाहिला तर तो जसाच्या तसा सापडतो. चित्रपटालाही हे भाग्य नेहमी लाभत नाही: ज्या 'लंकादहना'ने नाण्यांच्या राशी लावल्या, त्याचे आज थोडे तुकडेच उरले आहेत. नृत्यनाट्याची स्थिती याहून नाजूक आहे. ते कोणत्याही डब्यात राहत नाही. ते नर्तकांच्या शरीरांत राहते. गुरूने शिष्याला भूमिका शिकवावी, शिष्याने ती रंगमंचावर करून पाहावी आणि पुढच्याला द्यावी, एवढाच त्याच्या जतनाचा खरा मार्ग. चित्रण करून ठेवले तरी हाताची मुद्रा कोठून उगवते आणि श्वास कोठे घ्यायचा, हे चित्रणातून पुरते कळत नाही. ज्या भागाला मागणी नाही त्याचे प्रयोग होत नाहीत. प्रयोग नाहीत तर तालमी नाहीत. आणि एक पिढी तालमीवाचून गेली की भाग गेला.

ही केवळ भीती नाही. ज्या रामनाट्टमाचा उल्लेख वर आला, त्याचे आठही भाग कधी काळी ओळीने रात्रीमागून रात्र होत असत. कथकळीच्या रंगमंचावर आज नेहमी दिसतात ते बालिवध आणि तोरणयुद्ध यांसारखे मोजके. बाकीच्यांतील काही क्वचित होतात, काहींचे केवळ शब्द उरले आहेत. कोणी त्यांना बंदी केली नव्हती. रसिकांनी आपला आवडता भाग पुन्हा पुन्हा मागितला, कलावंतांनी तो दिला, आणि उरलेले भाग कोणी न सांगताच मागे पडले.

कलाक्षेत्राने या बाबतीत आजवर चांगली दक्षता घेतली आहे. रुक्मिणीदेवी १९८६ साली वारल्या. राष्ट्रपतिपदासाठी १९७७ साली आपले नाव सुचविले गेले असता त्यांनी ते नाकारले होते. राज्य नाकारणाऱ्यांच्या कथेला इतकी वर्षे दिलेल्या बाईंना ते सहज साधले असावे. त्यांच्या पश्चात १९९३ च्या कायद्याने संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाचे स्थान मिळाले. रामायणाच्या मालिकेतील नृत्यनाट्ये संस्थेच्या उत्सवांतून होत राहिली आहेत, आणि वेळप्रसंगी सहाही भाग ओळीने सहा संध्याकाळी केले गेले आहेत. नव्या नर्तकांनी जुन्या भूमिका शिकून घेतल्या आहेत. तथापि संस्था कितीही दक्ष असली तरी रिकाम्या खुर्च्यांपुढे ती किती दिवस नाचणार? बाहेरगावचे आयोजक जेव्हा एखादा भाग बोलावितात, तेव्हा सहांतून एकच निवडतात. तो कोणता, हे प्रेक्षकांच्या आवडीवरून ठरते.

म्हणून आवडता भाग अवश्य असावा. तो नसेल तर मालिका मनापासून पाहिलीच नाही असे समजावे. परंतु आवड सांगण्यापूर्वी मालिका सबंध पाहावी, आणि ओळीने पाहावी. पहिल्या पाहण्यात जो भाग नीरस वाटला त्याला एक संधी आणखी द्यावी, कारण मधले भाग उशिरा बोलू लागतात. आणि आवडत्या भागाचे तिकीट काढताना त्याच्या अलीकडचा किंवा पलीकडचा एक भागही पाहावा. पादुकांचा अभिषेक ज्याला प्रिय आहे, त्याने मंथरेची संध्याकाळ चुकवू नये. तिच्यावाचून त्या पादुका नुसती लाकडाची जोडी ठरतील.